पाच डबे आणि एक टोकन

गेल्या वर्षी दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी खालच्या मजल्यावर अक्कांकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं, उभ्याउभ्याच एक चकली मोडून तोंडात टाकली आणि विचारलं, "चेर, डबा परत द्यायचा, की तुझ्या मुलासारखा झाडात लपवून ठेवायचा?"

सिंगापूरच्या शाळेतली मुलं 'टीचर' असा पुरता शब्द उच्चारत नाहीत, नुसतं 'चेर' म्हणतात. अक्कांनी पंचवीस वर्षं एका शाळेच्या कँटीनमध्ये तोसै आणि मी सियामचा स्टॉल चालवला, त्यामुळे हा शब्द त्यांच्या जिभेवर बसलेला. खरं तर इथे मी कुणाचीच चेर नाही. सोलापुरात इतिहासात एम. ए. केलं, सात वर्षं शाळेत शिकवलं आणि मग नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. माझ्या पासचं नावच 'डिपेंडंट्स पास'. मे २०२१ पासून या पासवर असलेल्यांना नोकरी करायची तर वेगळा वर्क पास लागतो, आणि मराठी माध्यमात शिवकाल शिकवणाऱ्या बाईंना तो कोण मिळवून देणार? मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की "तुम्ही काय करता?" हा प्रश्न येतोच. मी म्हणते, "सध्या घरीच." हे 'सध्या' सहा वर्षं चाललं आहे. अक्कांना मी पहिल्याच भेटीत लिफ्टमध्ये सांगितलं होतं की मी शिक्षिका होते. त्यांनी त्यातलं 'होते' ऐकलंच नाही बहुतेक.

अक्का सिंगापूरच्या तमिळ. वय अडुसष्ट. आमच्या सोलापूरकडे थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे हाक मारायला मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. बोलणं मात्र इंग्रजीत, त्यांचं सिंग्लिश आणि माझं सोलापुरी. ते इथे मराठीत लिहिते आहे.

आता 'झाडात डबा' हे काय प्रकरण, ते भारतातल्या वाचकांसाठी सांगते. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश खेळाच्या साइटवर टाकतो, आणि बाकीच्यांनी फोनवरच्या जीपीएसच्या आधाराने तो शोधायचा. आत एक वही असते. तिच्यात नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. आत एखादं खेळणं, बिल्ला असं काही असेल तर घ्यावं, पण बदल्यात तितक्याच मोलाचं काहीतरी ठेवावं. मे २००० पर्यंत अमेरिका उपग्रहांचे सिग्नल सामान्य लोकांसाठी मुद्दाम ढोबळ करून सोडत असे. ते बंधन उठलं आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमधल्या जंगलात एक बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. तिच्यात वही-पेन्सिल होती, आणि बीन्सचा एक डबाही होता म्हणे. तिथून हा खेळ जगभर गेला.

आमच्या चिरंजीवांना याचं वेड ईस्ट कोस्ट पार्कमध्ये लागलं. शनिवारी सायकली काढायच्या आणि समुद्राकाठी बाकांखाली, झाडांच्या बुंध्यांपाशी वाकून वाकून बघत फिरायचं. एकदा अक्काही आमच्याबरोबर आल्या. मुलगा एका झाडापाशी खटपट करत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "चेर, तू उभी आहेस ना, तिथे मी लहानपणी पोहले आहे."

मला वाटलं, गंमत करतायत. पण आमचा हा सगळा पट्टा, मरीन परेडच्या इमारती, हायवे, पार्क, १९६६ पासून समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर उभा आहे. जुना किनारा पार आत होता. इतिहासाची एम. ए. मी, आणि सहा वर्षं ज्या जमिनीवर भाजी आणायला जाते तिचं वय मला माहीत नव्हतं!

"मग तुमचं घर कुठे होतं?" मी विचारलं.

"बुकित तिमा. रेल्वे क्वार्टर्समध्ये. अप्पा पॉइंट्समन होते."

हे ऐकून मी सायकल स्टँडवर लावली आणि त्यांच्याशेजारी बसले. कारण माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी लाइन, १८९७ साली सुरू झालेली, आमच्या दारावरून जायची. त्या गाडीतून उतरून पुन्हा चालत्या गाडीत चढता येतं, ही आमच्याकडची नेहमीची थट्टा. पुढे रूळ रुंद झाले आणि ती छोटी गाडी गेली. सिंगापुरातली अक्कांची गाडी मीटर गेजची. तीही गेली. त्या दिवशी आम्ही दोघी तासभर फक्त रुळांबद्दल बोललो. चिरंजीवांनी दोन डबे शोधले आणि आमच्याकडे कुणी बघितलंही नाही म्हणून रुसून बसले.

इथे नव्याने आलेल्यांना कदाचित माहीत नसेल, पण २०११ पर्यंत सिंगापूरच्या मधोमध मलेशियाची रेल्वे धावत होती. तांजोंग पगारपासून वुडलँड्सपर्यंत. १९०३ साली ही लाइन झाली तेव्हा दोन देश नव्हतेच. १९६५ साली सिंगापूर वेगळा झाला, पण रूळ आणि त्याखालची जमीन मलेशियाच्या रेल्वेकडेच राहिली. त्या जमिनीचं काय करायचं यावर १९९० साली करार झाला, त्यातले वाद मिटायला २०१० उजाडलं. ३० जून २०११ च्या रात्री तांजोंग पगारहून शेवटची गाडी निघाली. ती चालवायला स्वतः जोहोरचे सुलतान बसले होते. लाइनच्या दोन्ही बाजूंना लोक हात हलवत उभे होते, त्यांत अक्काही होत्या. नंतर रूळ उचलून नेले. दोन मोठे लोखंडी पूल आणि बुकित तिमा स्टेशनातला रुळांचा तुकडा तेवढा ठेवला. आता त्या चोवीस किलोमीटरच्या पट्ट्याला रेल कॉरिडॉर म्हणतात. माणसं तिथे चालतात, पळतात, सायकली चालवतात.

"तिथे डबे लपवू या," मीच म्हणाले. का म्हणाले, ते त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"कॅन," अक्का म्हणाल्या. या देशात एवढ्या एका शब्दावर संसार होतात.

लपवणं हे शोधण्यापेक्षा फार कठीण असतं, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लागते. खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, म्हणजे मैलाचा दहावा भाग. डब्यावर हे काय आहे ते स्वच्छ लिहायचं, नाहीतर इथे बेवारस डबा दिसला की पोलीस येतात, आणि ते बरोबरच आहे. मग खेळाचे स्वयंसेवक सगळं तपासून डबा यादीत घेतात. मी नकाशा काढला, अर्ज लिहिला. सात वर्षं शाळेत सहलींच्या परवानग्या काढल्या होत्या, ती विद्या अशी कामाला आली. आठ जागा मागितल्या होत्या, पाच मिळाल्या.

मार्चपासून दर मंगळवारी, मुलगा शाळेत गेला की, आम्ही निघायचो. मरीन परेडला मेट्रोत बसायचं, स्टीव्हन्सला गाडी बदलायची, किंग अल्बर्ट पार्कला उतरायचं. तिथून बुकित तिमा स्टेशन पायी जवळ. १९३२ सालची बसकी, छोटीशी इमारत. अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा प्लॅटफॉर्मच्या कडेला उभ्या राहिल्या आणि एक हात वर करून त्यांनी मला दाखवलं, "अप्पा असे उभे राहायचे."

एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून टोकन असतं, हे मला बाबांकडून माहीत होतं. एका टप्प्याचं एकच टोकन बाहेर असतं. ते ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्यालाच पुढे जायची मुभा. बुकित तिमाला ते टोकन एका मोठ्या कड्यात अडकवून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचे आणि मागच्या टप्प्याचं त्याच्याकडून घ्यायचे. सिंगापुरात हे सगळ्यांत शेवटपर्यंत, अगदी २०११ पर्यंत, याच स्टेशनावर चाललं. अक्का शाळेतून आल्या की वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन इथे यायच्या. एकदा, फक्त एकदा, अप्पांनी त्यांना उचलून घेतलं आणि ते कडं त्यांच्या हाती दिलं. ड्रायव्हरने ते ओढून घेतलं तेव्हा हाताला बसलेला हिसका अजून आठवतो म्हणाल्या.

म्हणून आमच्या पाच डब्यांची नावं ठरली टोकन एक ते टोकन पाच. कुठे आहेत ते सांगणार नाही. सांगितलं तर खेळ काय राहिला? एवढंच सांगते की पहिला रेल मॉलजवळच्या लोखंडी पुलाच्या बाजूला आणि पाचवा तांगलिन हॉल्टकडे. त्या बाजूला, क्वीन्सटाउनमध्ये, मुनीश्वरनचं देऊळ आहे. रेल्वेत काम करणाऱ्या हिंदू मजुरांनी १९३२ मध्ये रुळांजवळ बांधलेल्या लाकडी छपरापासून त्याची सुरुवात झाली. अक्कांचे अप्पा पगाराच्या दिवशी तिथे नारळ फोडायचे.

पहिली चूक माझीच. टोकन एकसाठी मी बेसनाच्या लाडवांचा प्लॅस्टिकचा डबा वापरला. तीनदा घासला होता, उन्हात वाळवला होता. अक्कांनी हुंगून सांगितलं, "तुपाचा वास येतोय." मी म्हटलं, काही येत नाही. आठ दिवसांनी बघतो तर डबा वाटेच्या मधोमध, झाकणाला दातांच्या खुणा आणि वहीच्या चिंध्या. बुकित तिमाच्या जंगलातली माकडं वाटेवर येतात, त्यांना साजूक तूप ओळखायला शिकवावं लागत नाही. खाण्याचा डबा वापरू नये असं खेळाच्या सूचनांत लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं. वर्गात मुलांना "सूचना नीट वाचा" म्हणून किती ओरडले असेन!

दुसरी चूकही माझीच. प्रत्येक डब्याबरोबर साइटवर थोडी माहिती द्यायची असते. मी बसून सातशे शब्द लिहिले. १९०३, १९२३ चा कॉजवे, १९३२ चा नवा मार्ग, करार, तारखा. अक्कांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून ते सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "चेर, ही परीक्षा आहे का? माणूस उन्हात उभा आहे, पायाला मुंग्या चावतायत. त्याला एक गोष्ट सांग."

मला राग आला. खरंच आला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणासाठी तरी काही लिहिलं होतं. दोन दिवस मी ते तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा दिसलं की ते सगळं मी माझ्यासाठीच लिहिलं होतं, मला अजून येतं हे मलाच दाखवायला. पुसून टाकलं. आता टोकन तीनवर सहा ओळी आहेत, एका मुलीने कडं वर धरलं त्याच्या. शेवटी एक प्रश्न आहे: प्लॅटफॉर्मवर उभे राहा आणि हात वर करा, चालत्या इंजिनाच्या ड्रायव्हरपर्यंत तुमचा हात पोहोचला असता का?

याचं उत्तर द्यायची सक्ती नाही. पण लोक देतात. "माझा नाही, बाबांचा पोहोचला असता." "मी उडी मारली." सप्टेंबरअखेर पाच डब्यांच्या वह्यांत मिळून दोनशेच्या वर नोंदी झाल्या होत्या. बऱ्याचशा नुसत्या सह्या, काही 'मुंग्या!' अशा, आणि एक चक्क देवनागरीत: "सापडला. लगेच आईला फोन केला." खाली नाव नाही. मी ते पान अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "आई कुठे असते?" ते लिहिलेलं नव्हतं. पण आपल्याला माहीत असतं ना?

पाऊस इथे बारा महिने. सकाळी सुमात्राकडून वादळ आलं की तासाभरात सगळं धुऊन जातं, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी वह्या बघाव्या लागतात. ओली पानं वाळवायची, पेन्सिली बदलायच्या. डबा ठेवून विसरून जाणं या खेळात चालत नाही. ज्याचा डबा त्याने तो सांभाळायचा, नाहीतर यादीतून काढतात. मला हे काम लपवण्याहून जास्त आवडायला लागलं. या देशात माझ्या नावावर घर नाही, नोकरी नाही. पण पाच ठिकाणं अशी होती की तिथे मी गेले नाही तर कुणाचं तरी अडेल.

आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याने सांगितलं, डिसेंबरमध्ये पुणे. कंपनीने तिथे बदली दिली होती. मुलाचं इथलं शाळेचं वर्ष नोव्हेंबरात संपतंच.

त्याच संध्याकाळी मी माझ्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. त्या आता पुण्यात एका शाळेवर आहेत. त्या म्हणाल्या, "जूनला ये, इतिहासाला जागा आहे." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते. तेवढ्यात खालून अक्कांच्या कुकरची शिटी ऐकू आली.

मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या मंगळवारी सांगू म्हटलं. पुढच्या मंगळवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्या दिवाळीनंतर सहावा डबा कुठे लपवावा याबद्दल बोलत होत्या. तीन आठवडे गेले. शेवटी लिफ्टमध्ये चिरंजीवांनीच सांगितलं, "पाट्टी, पुण्याला आम्ही कुत्रा पाळणार आहोत." अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा मजला आला, त्या उतरल्या, दार बंद झालं.

चार दिवस त्यांनी फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी मी खाली गेले. नेहमी हातात काहीतरी असतं, त्या दिवशी काही नेलं नाही.

"डबा लपवायचा तर शोधणाऱ्याला सापडेल असा लपवायचा, हे तूच मला शिकवलंस ना?" त्या म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी कॉफी केली. स्टीलच्या पेल्यात घालून समोर ठेवली. मग मीच भडाभडा बोलले. मला जायचं आहे, शाळेत उभं राहायचं आहे. याचा मला आनंद झाला आणि त्या आनंदाची तुमच्यासमोर लाज वाटली. डबे काढून टाकते, नाहीतरी मी गेल्यावर कोण बघणार?

अक्का थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अप्पांच्या स्टेशनवर गाडी आली की ड्रायव्हर आधी काय करायचा?"

"मागचं टोकन द्यायचा."

"नाही दिलं तर? खिशात घालून पुढे गेला तर?"

हे मला बाबांनी दहाव्या वर्षी सांगितलं होतं. ते टोकन परत यंत्रात पडत नाही तोवर त्या टप्प्यासाठी दुसरं निघत नाही. मागची लाइन बंद. मागची गाडी जिथे आहे तिथे उभी.

"मग?" अक्का म्हणाल्या. "टोकन घेऊन घरी जायचं नसतं, चेर."

त्या मला जा म्हणत होत्या की माझ्यावर अजून रागावल्या होत्या, ते मला नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही. पेला विसळून ठेवताना त्या पाठमोऱ्या म्हणाल्या, "कुत्र्याचे फोटो पाठव."

या खेळात डबा दुसऱ्याच्या नावावर करून देता येतो. त्याला 'ॲडॉप्शन'च म्हणतात, म्हणजे आपलं दत्तक. टोकन तीन अक्कांनी घेतला आहे. त्यासाठी त्यांनी फोनवर स्वतःचं खातं उघडलं. गुडघे दुखतात, पण स्टेशनापर्यंत येतं म्हणाल्या. दोन आणि चार त्यांच्या नातीने घेतले. ती पॉलिटेक्निकला आहे आणि कॉरिडॉरवर पळायला जातेच. आता उरले एक आणि पाच.

हा लेख लिहायला बसले ते खरं तर एवढ्यासाठी. मंडळातली कितीतरी कुटुंबं हिलव्ह्यू, बुकित बातोक, क्वीन्सटाउनकडे राहतात. मुलांना घेऊन महिन्यातून एकदा तासभर चालायची तयारी असेल, तर हे दोन डबे दत्तक द्यायचे आहेत. ते देवनागरीत लिहून जाणारे कोण, ते हे वाचत असतील तर त्यांचा हक्क पहिला. काम फार नाही. ओली पानं वाळवायची, वही भरली की नवी ठेवायची, दोन पेन्सिली जास्तीच्या न्यायच्या. माहितीतला मजकूर बदलावासा वाटला तर खुशाल बदला, फक्त सातशे शब्द लिहू नका. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. त्याआधीच्या कुठल्याही मंगळवारी सकाळी किंग अल्बर्ट पार्कला या, आम्ही दोघी जागा दाखवू.

आणि डबा बदलायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. फराळाचा नको. कितीही घासलात तरी.